आईचं नाव अल्पोपाहारात

आमच्या घरात त्या सिनेमाचं नाव कुणी घेत नसे. ‘तो सिनेमा’ म्हटलं की पुरे. जर्सी सिटीतल्या आमच्या विटांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, रेडिएटरच्या ठकठकीत रोज सकाळी ती कॅसेट लागायची, आणि मी शाळेतून येईपर्यंत दुसऱ्यांदा संपत आलेली असायची. ब्रॉडवेवर वर्षानुवर्षं चाललेल्या एका संगीत नाटकावरून हॉलीवूडनं काढलेला जुना सिनेमा. चांगला तीन तासांचा, मध्ये रीतसर मध्यंतर असलेला. बंदरावरच्या खाणावळीत जेवण वाढणारी मुलगी, बोटीवरचा कप्तान, त्यांचं जमतं, बिनसतं, पुन्हा जमतं, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी गायला लागतं. खरा ब्रॉडवे आमच्यापासून नदीपलीकडे, ट्रेननं अर्ध्या तासाच्या आत होता. पण तिथलं तिकीट आमच्यासारख्यांनी काढायचं नसतं, हे न सांगता ठरलेलं होतं. म्हणून पब्लिक लायब्ररीतली कॅसेट. आई ती परत करायची आणि त्याच खेपेला पुन्हा घेऊन यायची.

आईला काम करायची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांनी घरात बसायचं, असा तेव्हा कायदा होता. मिरजेला जिच्या घरी रोज पहाटे तंबोरा लागायचा, जी पंधरा वर्षं गुरुजींसमोर बसून शिकली होती, ती बाई इथे एका खोलीच्या घरात दिवसभर काय करणार? तिनं इंग्रजी शिकायला घेतलं, त्या सिनेमावरून. पोळ्या लाटता लाटता खाणावळवालीचे संवाद म्हणायची. त्यामुळे झालं असं, की आमची आई दुकानात दूध मागायची तेसुद्धा जुन्या नटीच्या थाटात, मान वळवून, शब्द लांबवून. मी तेव्हा चौदा वर्षांची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला. दुकानातली मुलगी हसायची आणि मी चिप्सच्या रॅककडे तोंड करून उभी राहायचे, जणू ही बाई माझी कुणी नाहीच. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

तर एक दिवस मी घरी आले आणि आईनं टीव्ही थांबवून ठेवला होता. पडद्यावर नटीचं तोंड उघडं, मान ताठ. फोडणी जळालेला वास घरभर, आणि आई टीव्हीपासून वीतभर अंतरावर बसलेली. म्हणाली, ही गात नाहीये. मी म्हटलं, आई, इट्स अ मूव्ही. ती म्हणाली, मूव्ही असू दे. वरचा सूर लावताना गळ्याची शीर हलत नाही होय? आणि एवढी लांब ओळ म्हणायच्या आधी ही श्वास कुठे घेतेय, दाखव बघू. तिनं ते गाणं मला चार वेळा दाखवलं. मला काही दिसलं नाही, पण आईला जे दिसलं ते दिसलं. दुसऱ्या दिवशी ती मला दुभाषी म्हणून लायब्ररीत घेऊन गेली. तिथल्या म्हाताऱ्या बाईंना जुन्या सिनेमांचं वेड होतं. त्या आईकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, तुम्हाला कसं कळलं? ब्रॉडवेवर ज्या बाईनं ही भूमिका वर्षानुवर्षं रोज स्वतः गाऊन केली, तिला सिनेमात घेतलंच नाही. दिसायला हवी तशी नव्हती म्हणे. सुंदर चेहरा आणला आणि गायला तिसरीच एक बाई स्टुडिओत उभी केली. तिचं नाव श्रेयनामावलीत कुठेच नाही. त्या काळात ती पद्धतच होती.

 घरी आल्यावर आई जी सुटली, ती रात्रीच्या जेवणापर्यंत. आपल्याकडेही सिनेमात उसने आवाज असतात, पण तिथे गाणारीचं नाव पोराटोरांना पाठ असतं. इथे नावच खाल्लं. ही चोरी आहे, चोरी, असं ती बाबांच्या ताटात आमटी वाढताना म्हणाली. बाबा म्हणाले, अगं शैला, सिनेमाच तर आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आईनं डाव भांड्यात असा आपटला की आमटी बाबांच्या ऑफिसच्या शर्टावर उडाली. पण कॅसेट आणणं तिनं सोडलं नाही. उलट त्या दिवसापासून ती गाण्यांवर आली. प्रत्येक प्रसंगाला स्वतःचं पद रचायचं, आपल्या रागात बसवायचं. खाणावळवाली कप्तानाची वाट बघते तिथे भीमपलास, भांडण होतं तिथे अडाणा. कणीक मळताना मुखडा, भांडी घासताना अंतरा. सहा महिन्यांत माझ्या शाळेच्या जुन्या वहीत एक अख्खं मराठी संगीत नाटक तयार झालं. आमच्या त्या स्वयंपाकघरात इतकं सुंदर काहीतरी घडत होतं, आणि मी कानाला वॉकमन लावून बसले होते.

आता माधवीकाकू. श्रीकांतकाका म्हणजे बाबांच्या कंपनीचे मालक. मालक म्हणजे, बाबा काम करायचे मॅनहॅटनमधल्या एका बँकेत, पण त्यांना अमेरिकेत आणलं होतं काकांनी, आणि आमच्या ग्रीन कार्डची फाइल काकांच्या ऑफिसातल्या कपाटात होती. तिच्यावर सही काकांनी करायची, ती पुढे सरकवायची काकांनी, ती कुठवर आली हे विचारायचं असेल तर तेही काकांनाच. ज्यांनी हे भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको. अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि आमचा हरी सहा वर्षं अडलेला होता. माधवीकाकू या काकांच्या पत्नी. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षही त्याच. दिसायला खरोखर देखण्या, नाही कशाला म्हणू. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या पहिल्यांदाच आमच्या घरी आल्या. आई चंद्रकळा नेसली होती, आणि बायकांनी आग्रह केला म्हणून तिनं आपलं भीमपलासमधलं पद म्हटलं. काकूंच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. त्यांनी वही मागून घेतली, चाळली, आणि दुसऱ्या दिवशी श्रीकांतकाकांचा बाबांना फोन. गणेशोत्सवात मंडळ हे नाटक करणार. बाबा फोनवर उभ्या उभ्याच सर, सर करत होते. आईला काय आनंद झाला होता त्या दिवशी. तिनं शिरा केला.

पहिल्या वाचनाला आम्ही काकूंच्या बेसमेंटमध्ये गेलो तेव्हा कळलं, की खाणावळवाली माधवीकाकू करणार. हेही ठीक. आई काही नटी नव्हती, आणि चाळिशीच्या काकूंनी विशीतली मुलगी करावी की नाही, हा त्यांचा प्रश्न. पण काकूंना गाता कुठे येत होतं? सप्तकातला एक सूर जागेवर लागेल तर शपथ. तालमी तीन आठवडे चालल्या, आणि मग एका रविवारी काकूंनी आईच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात सुचवलं, की शैला, तूच गा ना विंगेतून. मी समोर नुसते ओठ हलवते. आणि वर म्हणतात काय, “अगं, हॉलीवूडमध्येसुद्धा असंच करायचे. त्या ओरिजिनल सिनेमातसुद्धा हिरॉइनची गाणी दुसरीच बाई गायलीय. तूच नाही का सांगितलंस?”

हो, आईनंच सांगितलं होतं. हळदीकुंकवाच्या दिवशी, चोरी हा शब्द वापरून सांगितलं होतं. बाईनं त्यातला चोरी तेवढा गाळला आणि बाकीचं उचललं. मी आईकडे बघितलं. आता डाव आपटेल, असं मला वाटलं. आईनं बाबांकडे बघितलं. बाबा श्रीकांतकाकांच्या शेजारी सोफ्याच्या टोकावर बसले होते, चहाचा कप गुडघ्यावर धरून, आणि ते म्हणाले, “काय हरकत आहे? शेवटी मंडळाचंच काम.” आयजीच्या जिवावर बायजी उदार. आई म्हणाली, बरं. एवढंच. मला अजून तिचं ते ‘बरं’ ऐकू येतं आणि तळपायाची आग मस्तकात जाते. बाबांना जाऊन आता दहा वर्षं झाली, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. बोलू नये तर मग जिवंतपणी माणसानं नीट वागावं.

ध्वनिमुद्रण करून ठेवू, असं काकांचं म्हणणं होतं. त्याला मात्र आईनं ठाम नकार दिला. तान दोनदा सारखी येत नाही, त्या त्या वेळी जशी येईल तशीच मी घेणार, म्हणाली. म्हणजे जिवंत गाणं विंगेतून आणि ओठ रंगमंचावर. पण आई तान कुठे तोडणार हे काकूंना कळणार कसं? तेव्हा आईनं काकूंना श्वास शिकवला. अक्षरशः श्वास. आठवड्यातले चार दिवस, आमच्या घरी. पोटातून कसा घ्यायचा, लांब ओळीआधी खांदे कसे किंचित उचलतात, वरच्या सुराला गळ्याची शीर कशी ताणायची, हनुवटी कुठे ठेवायची. ज्या ज्या खुणांवरून तिनं त्या सिनेमातली चोरी पकडली होती, त्या सगळ्या एकेक करून तिनं काकूंना शिकवल्या, कुणाला म्हणून पकडता येऊ नये अशा. मी कोपऱ्यात बसून होमवर्क करायचे आणि बघायचे. एकदा मी चिडून विचारलं, व्हाय आर यू हेल्पिंग हर? आई म्हणाली, करायचं तर नीट करायचं, गाण्याचा अपमान नको. मला ते उत्तर पटलं नाही. अजूनही पटत नाही.

कार्यक्रम होता एका भाड्यानं घेतलेल्या हायस्कूलच्या सभागृहात, शनिवारी दुपारी. आम्ही सकाळी आठलाच पोचलो, कारण आईला साबुदाणा वडेही करायचे होते. हो. गाणार आई, पदं लिहिणार आई, आणि तीनशे माणसांचे वडेही तळणार आई. तोंडाला फडकं बांधून शाळेच्या किचनमध्ये तळत होती, घशात धूर जाऊ नये म्हणून. मी तिच्याजवळ उभी राहून वडे थापत होते तेव्हा स्मरणिकेचा गठ्ठा आला. आमच्या मंडळाची एक रीत होती, आणि तिचा सगळ्यांना अभिमान होता, की हातभार लावलेल्या प्रत्येकाचं नाव स्मरणिकेत छापायचं. पार्किंगला उभे राहणारे, खुर्च्या लावणारे, पडदा ओढणारे, कुण्या काकांनी हार आणला तर त्यांचंही. मी पानं उलटली. लेखन आणि संगीत, मूळ हॉलीवूड चित्रपटावरून, मंडळ निर्मित. भूमिका आणि गायन, सौ. माधवी. आईचं नाव मी शोधत शोधत शेवटच्या पानावर आले. अल्पोपाहार, साबुदाणा वडे, सौ. शैला. मी ते पान आईसमोर धरलं. तिनं झारा कढईवर टेकवून वाचलं आणि म्हणाली, तेल तापलंय, बाजूला हो.

तिला काळे कपडे घालायला सांगितलं होतं, विंगेत उभी असताना चुकून प्रकाश पडला तर दिसू नये म्हणून. काळं लुगडं आमच्याकडे एकच, संक्रांतीची चंद्रकळा. भाद्रपदात, गणपतीसमोर, तेही अंगाला तळणीचा वास येत असताना, आई चंद्रकळा नेसून एका फोल्डिंग खुर्चीवर बसली. समोर माइक, शेजारी पेटीवाले, आणि मागे मी, पाण्याची बाटली आणि वही घेऊन. आणि मग ती गायली. काय सांगू कशी गायली. रागावलेली असतानासुद्धा मला हे कबूल करावंच लागेल, की तशी ती ना त्याआधी गायली ना त्यानंतर. भीमपलासच्या पदाला तिनं एक तान अशी घेतली, की पेटीवाले काकांचा हात क्षणभर थांबला. पुढे माधवीकाकू आईकडे तिरप्या नजरेनं बघत बरोबर श्वास घेत होत्या, शीर ताणत होत्या, हनुवटी उचलत होत्या. शिकवलेलं सगळं चोख. लोक उभे राहिले. वन्स मोअर आला. आई पुन्हा गायली, आणि दुसऱ्यांदा तान वेगळीच घेतली. काकूंनी तीही निभावली. टाळ्या वाजत होत्या आणि माझी आई अंधारात पदरानं घाम पुसत होती.

प्रमुख पाहुणे म्हणून महाराष्ट्रातून एक वयोवृद्ध गायक-नट आले होते. उभं आयुष्य संगीत रंगभूमीवर गेलेला माणूस. नाटक संपल्यावर ते काठी टेकत थेट विंगेत आले. तिथे त्या अरुंद जागेत सगळेच होते. श्रीकांतकाका, त्यांच्या शेजारी बाबा, मेकअप न उतरवलेल्या माधवीकाकू, भिंतीला टेकून आई, आणि मी. पाहुणे काकूंना म्हणाले, गळा मिरजेच्या वळणाचा आहे, कुणाकडे शिकलात? काकू हसून म्हणाल्या, असंच, घरच्या घरी. पाहुण्यांनी मान हलवली नाही. त्यांनी काकूंकडे जरा वेळ बघितलं, मग माइककडे, फोल्डिंग खुर्चीकडे, आणि मग त्यांची नजर माझ्या हातातल्या वहीवर आली. मोठ्यांना विचारून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं असणार. ते माझ्यापुढे वाकले.

“बाळ, तू इथंच उभी होतीस ना? खरं सांग, गायलं कोण?”

श्रीकांतकाकांचा हात बाबांच्या खांद्यावर होता. बाबा स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, एकटक. डोळे वटारले नव्हते, मान हलवली नव्हती, काही नाही. नुसती बघत होती. त्या दोन-तीन सेकंदांत माझ्या डोक्यातून काय काय गेलं ते मी इथे प्रामाणिकपणे लिहिते, कारण आता लपवून काय करायचंय? कपाटातली फाइल आठवली. बाबांची नोकरी आठवली. आणि त्याहून जास्त आठवली माझी शाळा, माझी मैत्रीण, पुढच्या महिन्यातली न्यूयॉर्कची सहल. मला मिरजेला परत जायचं नव्हतं. एरवी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी मी, त्या दिवशी स्वच्छ मराठीत बोलले. म्हटलं, “माधवीकाकूंनी.”

पाहुणे सरळ उभे राहिले. छान, म्हणाले, आणि काठी टेकत निघून गेले. काकूंनी माझा गालगुच्चा घेतला. परतीच्या वाटेवर गाडीत बाबा फार बोलत होते, कार्यक्रम किती रंगला, काका किती खूश होते वगैरे. आई मांडीवर रिकामा स्टीलचा डबा घेऊन खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, वादळ टळलं. आईनं डोळ्यांनी सांगितलं, गप्प बस, आणि मी शहाण्या मुलीसारखं ऐकलं. पुढच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. आईनं मंडळात जाणं सोडलं, ती कॅसेट आणणंही सोडलं. एका डे-केअरमध्ये नोकरी धरली आणि तिथून निवृत्त झाली. घरात गाणं म्हणून राहिलं नाही. मी विचारलं, तर घसा बसतो, म्हणायची.

मग मी रागावले. सगळ्यांवर. आधी काकूंवर, मग काकांवर, बाबांवर तर त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत, आणि कॉलेजात गेल्यावर आईवर. मिरजेची बाई मूग गिळून गप्प बसलीच कशी? स्वतःच चोरी म्हणालीस, आणि स्वतःच चोराला घराची किल्ली दिलीस? हे सगळं मनातल्या मनात, तीस वर्षांहून जास्त. आता मी पन्नाशी ओलांडलीय, अ‍ॅशबर्नला राहते, आई माझ्याकडे असते, आणि माझा मुलगा मला इंग्रजीत उत्तरं देतो. गेल्या वर्षी मंडळाच्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी त्या कार्यक्रमाची चित्रफीत टाकली. भीमपलासचं पद. खाली लिहिलेलं, आमच्या माधवीताईंचा अजरामर आवाज. दोनशे लोकांनी हात जोडले होते. माधवीकाकूंनी स्वतः खाली लिहिलं होतं, सगळी देवाची कृपा.

माझं डोकंच फिरलं. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई टेबलाशी बसून मेथी निवडत होती. मी तिला ते दाखवलं आणि तीस वर्षांचं सगळं तिच्या अंगावर ओतलं. चोर ती, भित्रे बाबा, पण तू? तू का बोलली नाहीस? पाहुणे समोर उभे होते. एक शब्द पुरे होता. का नाही बोललीस?

आईनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी आपणहून सांगायला गेले असते, तर गाणाऱ्या बाईला मत्सर झाला म्हणाले असते. तुझे बाबा बोलणार नव्हते, ते मला ठाऊक होतं. मला त्यांनी विचारलंच नाही, मुक्ता. विचारलं होतं तुला.”

मी म्हटलं, तू माझ्याकडे बघत होतीस. मला गप्प बस म्हणत होतीस. शिवाय फाइल होती. आपल्याला परत पाठवलं असतं.

“पाठवलं असतं तर गेलो असतो मिरजेला,” आई म्हणाली. “मी कुठे नाही म्हणत होते?” आणि मेथीची एक काडी मोडून म्हणाली, “मी बघत होते, तू सांगतेस का ते.”